पॅरावेन : जहाजाबरोबर चालणारा पाण्यातील पतंग

समुद्रयुद्धातील बहुतेक शस्त्रे चालविणाऱ्या माणसाच्या उपस्थितीवर अवलंबून असतात. तोफ डागण्यासाठी गोलंदाज लागतो, पाणतीर सोडण्यासाठी पाणबुडी जवळ असावी लागते. पाणसुरुंगाचे तसे नाही. तो एकदा समुद्रात पेरला की पेरणारा निघून गेला तरी सुरुंगाचे काम चालूच राहते, आणि त्याच्यापुढे शत्रू, तटस्थ व प्रवासी असा भेद नसतो. या गोष्टीचा प्रत्यय पहिल्या महायुद्धात मुंबईच्या बंदराला आला. ‘वोल्फ’ हे जर्मन जहाज मालवाहू जहाजाच्या वेषात नोव्हेंबर १९१६ मध्ये कील बंदरातून बाहेर पडले. कार्ल नेर्गर हा त्याचा कप्तान. केप ऑफ गुड होपच्या परिसरात आणि कोलंबोपुढे सुरुंग पेरून हे जहाज फेब्रुवारी १९१७ मध्ये मुंबईच्या जलमार्गावर आले, तेथेही सुरुंग पेरून पुढे पॅसिफिककडे निघून गेले. त्यानंतर सुमारे चार महिन्यांनी, जून १९१७ मध्ये, ‘सिटी ऑफ एक्झेटर’ या जहाजास मुंबईजवळ सुरुंगाने इजा झाली. ‘क्रॉक्स्टेथ हॉल’ बुडाले. आणि २३ जून रोजी पी. अँड ओ. कंपनीचे ‘मंगोलिया’ हे प्रवासी जहाज बुडाले. त्या वेळी वोल्फ हजारो मैल दूर होते.

अशा शस्त्रापासून चालत्या जहाजाने आपले रक्षण कसे करावयाचे, या प्रश्नाला त्याच महायुद्धाच्या काळात मिळालेले एक उत्तर म्हणजे पॅरावेन. जहाजाच्या नाळेपासून पोलादी तारेने ओढला जाणारा, पाण्याखाली जहाजाच्या बाजूस दूर राहून चालणारा हा एक छोटा जलयानसदृश आकार होय. त्याच्या रचनेत बॅटरी नाही, इंजिन नाही, सुरुंग शोधणारे कोणतेही उपकरण नाही. तरीही त्याने आपले काम केले. ते कशाच्या बळावर केले आणि त्याची मर्यादा कोठे होती, हे समजून घेतले असता संरक्षणाच्या साधनांविषयीचे एक सामान्य तत्त्व हाती लागते.

नांगरलेल्या सुरुंगाची रचना

पॅरावेनचा विचार करण्यापूर्वी तो ज्याच्याविरुद्ध योजिला होता त्या सुरुंगाचे स्वरूप पाहिले पाहिजे. पहिल्या महायुद्धातील बहुसंख्य सुरुंग नांगरलेले व स्पर्शाने फुटणारे होते. त्यांचे तीन भाग असत. पहिला, स्फोटक द्रव्याने अंशतः भरलेला पोलादी गोळा. आतील पोकळीमुळे तो पाण्यापेक्षा हलका असतो व वर येऊ पाहतो. दुसरा, समुद्रतळावर बसणारे तळवजन. तिसरा, या दोहोंना जोडणारा नांगरदोर. दोराची लांबी अशी ठरविलेली असते की गोळा पृष्ठभागाखाली काही मीटरांवर स्थिर राहावा, म्हणजे वरून तो दिसत नाही, आणि पुरेशी डूब असलेले जहाज मात्र त्याच्यावर आदळल्यावाचून राहत नाही.

गोळ्याच्या पृष्ठभागावर शिशाची शिंगे असतात. जर्मनीत विकसित झालेल्या या शिंगाच्या आत डायक्रोमेटच्या द्रावणाने भरलेली काचेची नळी असते. जहाजाच्या धक्क्याने मऊ शिसे वाकते, नळी फुटते, द्रावण खालील विद्युत्अग्रांवर सांडते आणि तत्क्षणी एक विद्युत्घट तयार होतो. त्याचा प्रवाह डिटोनेटर पेटवितो. घट आधीपासून तयार नसतो, म्हणून तो कालांतराने निकामी होण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. सुरुंग कित्येक महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे जागा राहतो तो यामुळे.

या रचनेत सुरुंगाचे सामर्थ्य आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. नांगरदोर नसेल तर सुरुंग वाहून जाईल, जलमार्ग अडविण्याचे त्याचे काम होणार नाही. पण दोर आहे म्हणूनच सुरुंगाला स्पर्श न करता त्याला पकडता येते. शिंगाला हात लावणे म्हणजे मृत्यू. दोराला हात लावण्यात तसा धोका नाही. पॅरावेनची सर्व कल्पना या एका भेदावर उभी आहे.

गरज आणि शोध

युद्धाच्या प्रारंभीच सुरुंगांनी मोठ्या युद्धनौकांचा बळी घेतला. २७ ऑक्टोबर १९१४ रोजी ‘ऑडेशस’ ही ब्रिटिशांची नवीकोरी युद्धनौका आयर्लंडच्या उत्तरेस एका सुरुंगाने बुडाली. १८ मार्च १९१५ रोजी दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीत ‘नुसरत’ या लहानशा तुर्की जहाजाने पेरलेल्या सुरुंगांच्या एका रांगेने ‘बूव्हे’, ‘इर्रेझिस्टिबल’ आणि ‘ओशन’ या तीन युद्धनौकांचा एका दिवसात नाश घडवून आणला. सुरुंग काढण्याची पद्धत त्यापूर्वीच अस्तित्वात होती. दोन जहाजे एकमेकांस समांतर चालून त्यांच्यामध्ये तारेचा झोळ ओढीत, आणि त्या झोळात नांगरदोर अडकवून सुरुंग बाहेर काढीत. परंतु हे काम संथ होते आणि ते अगोदर करून ठेवावे लागे. वेगाने जाणाऱ्या युद्धनौकेच्या किंवा एकट्या मालवाहू जहाजाच्या पुढे प्रत्येक वेळी सुरुंग काढणारी जहाजे धाडणे शक्य नव्हते.

१९१४ ते १९१६ या काळात ब्रिटिश आरमारातील कमांडर अस्बोर्न आणि लेफ्टनंट डेनिस्टन बर्नी यांनी पॅरावेनचा विकास केला. ब्रिस्टल येथील विमान-कारखान्याचे संस्थापक सर जॉर्ज व्हाइट यांचे आर्थिक साहाय्य त्यास लाभले. युद्धापूर्वी बर्नी याने त्याच कारखान्यात पाण्यातील पंखांच्या आधारे वर उठणाऱ्या सागरी विमानाचे प्रयोग केले होते. हे विमान यशस्वी झाले नाही. परंतु पाण्यात तिरपा धरलेला पंख केवढे बल निर्माण करतो याचे ज्ञान तेथे मिळाले होते. पाणबुडीविरुद्ध वापरण्यासाठी स्फोटक भरलेला पॅरावेनही तयार झाला. येथे मात्र सुरुंगापासून रक्षण करणाऱ्या प्रकाराचाच विचार कर्तव्य आहे. व्यापारी जहाजांवरील प्रकारास ‘ऑटर’ असे नाव मिळाले होते. हे नाव मासेमारीतून आले. जाळ्याचे तोंड उघडे राहावे म्हणून ट्रॉलरच्या मागे ज्या दोन तिरप्या फळ्या ओढल्या जातात त्यांना ऑटर-फळ्या म्हणतात. तत्त्व दोहोंचे एकच आहे.

पतंगाचे गणित

हे तत्त्व समजण्यास पतंगाचे उदाहरण पुरेसे आहे. पतंग वाऱ्यात तिरपा राहतो तो कण्णीमुळे. वारा त्याच्या पृष्ठावर आदळून वळतो आणि त्याची प्रतिक्रिया पतंगास वर ढकलते. दोरा त्यास वाऱ्याबरोबर वाहून जाऊ देत नाही, म्हणून पतंग एका समतोल स्थितीत तरंगतो. आता हा पतंग हवेऐवजी पाण्यात आहे, वाऱ्याऐवजी जहाजाच्या गतीमुळे निर्माण होणारा सापेक्ष प्रवाह आहे, आणि पंख आडवा नसून उभा धरलेला आहे, अशी कल्पना करावी. मग पंखावरील बल वर न जाता बाजूस जाईल. पॅरावेन जहाजापासून दूर, बाहेरच्या बाजूस खेचला जातो तो याच पार्श्वबलामुळे. पंख उभाच राहावा म्हणून त्याचे खालचे टोक जड व वरचे टोक हलके ठेवलेले असते. उजव्या व डाव्या बाजूंसाठी आरशातील प्रतिमेसारखे दोन पॅरावेन वापरतात.

पार्श्वबल हे पाण्याची घनता, पंखाचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांच्या प्रमाणात असते. समुद्राच्या पाण्याची घनता हवेच्या आठशे पटींहून अधिक असल्याने लहानसा पंखही मोठे काम करतो. केवळ अंदाज यावा म्हणून पंखाचे क्षेत्रफळ ०.५ चौरस मीटर आणि बलगुणक ०.८ मानला, तर १२ नॉट, म्हणजे सेकंदास सुमारे ६.२ मीटर, या वेगाला पार्श्वबल ७,८०० न्यूटनच्या आसपास, म्हणजे सुमारे ८०० किलोग्रॅम भाराइतके येते. वेग निम्मा केला तर ते एकचतुर्थांश होऊन २०० किलोग्रॅम भारावर येते; वेग दुप्पट केला तर चौपट होऊन ३,२०० किलोग्रॅम भाराच्या जवळ जाते. जहाज अगदी संथ असले तर पॅरावेन पुरेसा बाहेर जात नाही, आणि वेग फार वाढला तर तारेवर असह्य ताण येतो. जहाज वळताना बाहेरच्या बाजूचा पॅरावेन अधिक वेगाने व आतील बाजूचा कमी वेगाने जातो. त्यामुळे दोहोंचे बल विषम होते आणि आतील बाजूचे संरक्षण दुर्बळ पडते.

पॅरावेनवरील पार्श्वबल आणि त्याला मागे खेचणारा पाण्याचा रोध यांच्या गुणोत्तरावर तारेचा कोन ठरतो. पॅरावेनजवळ तार जहाजाच्या मार्गाशी जो कोन करते त्याची स्पर्शज्या म्हणजे पार्श्वबल भागिले रोध. जहाजाकडे येताना मात्र हा कोन लहान होत जातो; कारण तारेच्या प्रत्येक अंशावर पाण्याचा आघात होतो, आणि तो तारेस मागे व आत ढकलतो. पतंगाचा मांजा वर ताठ चढलेला पण हाताजवळ झोळ घेऊन आडवा झालेला दिसतो, तसाच हा प्रकार होय. वरून पाहिल्यास दोन्ही बाजूंच्या तारा मिळून नाळेपासून मागे पसरत जाणाऱ्या पाचरीची आकृती दिसते. जहाज या पाचरीच्या आत चालते.

खोली राखणे

केवळ बाजूस जाणे पुरेसे नाही. पॅरावेन ठराविक खोलीवर राहिला पाहिजे. पृष्ठभागावर आला तर तार सुरुंगाच्या वरून जाईल, आणि फार खोल गेला तर उथळ पाण्यात तळाशी आपटेल. हे काम शेपटीजवळील आडवे सुकाणू आणि जलदाबावर चालणारी झडप यांच्याकडे सोपविलेले असते. समुद्रात दर दहा मीटर खोलीस दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. झडपेच्या पडद्यावर एका बाजूने हा दाब व दुसऱ्या बाजूने स्प्रिंगचा जोर असतो. नेमलेल्या खोलीवर दोन्ही समान होतात. पॅरावेन खाली गेला की दाब जिंकतो आणि सुकाणू त्यास वर वळविते. वर आला की स्प्रिंग जिंकते आणि सुकाणू त्यास खाली नेते.

व्हाइटहेडच्या पाणतीरात एकोणिसाव्या शतकातच अशी झडप होती, आणि तेथे एक अडचणही अनुभवास आली होती. केवळ खोलीवरून सुकाणू चालविले तर वस्तू नेमल्या खोलीवर पोहोचते तेव्हा ती खाली किंवा वर जाण्याच्या गतीतच असते, म्हणून ती पुढे निघून जाते आणि वरखाली हेलकावे खात राहते. व्हाइटहेडने झडपेला लंबकाची जोड देऊन वस्तूच्या कलाचाही विचार यंत्राकडून करविला. स्वयंनियंत्रणाच्या शास्त्रात आज जे मूलभूत मानले जाते ते येथे आरमारी कारखान्यातील अनुभवातून सिद्ध झाले होते. स्थितीबरोबर स्थितीच्या बदलाचीही दखल घेतल्याशिवाय नियंत्रण स्थिर होत नाही.

नांगरदोराचा प्रवास

तार जहाजाला नेमकी कोठे जोडावयाची, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ती नाळेच्या तळाशी, जहाजाच्या डुबीच्या शक्य तितक्या जवळ जोडली पाहिजे. जहाजाला धोका असतो तो त्याच्या डुबीपेक्षा उथळ ठेवलेल्या सुरुंगापासून. अशा सुरुंगाचा नांगरदोर डुबीच्या पातळीवर अवश्य असतोच, म्हणून त्या पातळीवरील तार त्याला गाठल्याशिवाय राहत नाही. तार वर जोडली, तर ती दोराऐवजी प्रत्यक्ष सुरुंगावर जाण्याचा संभव असतो. डुबीपेक्षा खोल असलेले सुरुंग स्पर्शाचे असल्याने त्या जहाजापुरते निरुपद्रवी ठरतात.

जहाज पुढे जात असताना नांगरदोर तारेच्या एखाद्या बिंदूवर येऊन टेकतो. जहाजावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने तो मागे जात असतो, आणि तार तिरपी असल्याने तो तिच्यावरून बाहेरच्या बाजूस घसरू लागतो. घसरण्याची अट स्थितिशास्त्रातील साधीच आहे. तार व जहाजाचा मार्ग यांमधील कोनाची कोस्पर्शज्या ही घर्षणगुणकापेक्षा मोठी असावयास हवी. घर्षणगुणक ०.३ धरला तरी सुमारे ७३ अंशांपर्यंतच्या कोनात दोर घसरेल. ४५ अंशांच्या कोनात तर त्यास अडण्याचे काहीच कारण नाही. तारेची लांबी ५० मीटर व सरासरी कोन ४० अंश कल्पिला, तर दोर पॅरावेनपाशी पोहोचेल तेव्हा तो जहाजाच्या मार्गापासून सुमारे ३२ मीटर दूर गेलेला असेल, आणि १२ नॉट वेगाने या सर्व क्रियेला सहा-सात सेकंदांहून अधिक काळ लागणार नाही.

पॅरावेनच्या डोक्याशी कर्तक बसविलेला असतो. त्यात दातेरी पोलादी पात्यांचा जबडा असतो. तारेवरून घसरत आलेला नांगरदोर या जबड्यात शिरतो आणि हजारो टनांच्या जहाजाचा संवेग त्यास पात्यांवर ओढतो. दोर तुटतो. पतंगाच्या काटाकाटीत मांज्याने दुसऱ्याचा दोरा कापला जातो तेव्हा कापलेला पतंग वाऱ्यावर जातो; येथे कापलेला सुरुंग आपल्या तरणशक्तीने पृष्ठभागावर येतो. मग त्यास बंदुकीच्या किंवा तोफेच्या गोळ्यांनी बुडवावे अथवा फोडावे लागते.

या क्रियेत एक नाजूक बाब आहे. तळवजन समुद्रतळावर स्थिर आणि दोर बाजूस ओढला जात असेल, तर भूमितीप्रमाणे दोराला अधिक लांबी हवी. तार व तळ यांमधील अंतर ४२ मीटर आणि दोर बाजूस ३२ मीटर गेला असे मानले, तर काटकोन त्रिकोणाचा कर्ण सुमारे ५३ मीटर येतो, म्हणजे अकरा मीटर दोर कमी पडतो. तेव्हा एक तर तळवजन तळावरून घसरले पाहिजे, नाही तर वरचा सुरुंग खाली तारेकडे ओढला गेला पाहिजे. दुसऱ्या प्रकारात सुरुंग तारेवर किंवा पॅरावेनवर फुटण्याचा संभव असतो. परंतु असे झाले तरी तो स्फोट जहाजाच्या अंगाला लागून न होता काही अंतरावर होतो, आणि पाण्यातील स्फोटाच्या बाबतीत हे अंतर म्हणजेच जहाजाचे आयुष्य असते. एक पॅरावेन गेला तर दुसरा जोडता येतो.

संरक्षणाच्या कडा

वरील विवेचनावरून पॅरावेनच्या मर्यादाही उघड होतात. नाळेच्या अगदी समोर, मध्यरेषेवर असलेला सुरुंग तारेच्या कक्षेत येत नाही. सामान्यतः नाळेपुढील पाण्याचा दाब अशा सुरुंगास एका बाजूस सारतो आणि मग तार त्याच्या दोराला गाठते. परंतु हे निश्चित नव्हे. भरती-ओहोटीचा प्रवाह जोरात असला की नांगरदोर कलतो व सुरुंगाची खोली बदलते. उथळ खाडीत किंवा बंदराच्या गर्दीत पॅरावेन ओढता येत नाहीत, नेमके जेथे सुरुंग पेरण्याचा मोह अधिक असतो तेथे. शिवाय प्रतिपक्षही स्वस्थ बसत नाही. दोराचा वरचा भाग साखळीचा करणे, तार दोरातून आरपार निघून जाईल अशी फिरती चक्रे बसविणे, ओढली जाणारी तारच तोडणारे तरंगते स्फोटक अडथळे सुरुंगांच्या रांगेत मिसळणे, हे सर्व उपाय पुढे योजिले गेले.

याहून गंभीर प्रश्न वेगळाच आहे. पॅरावेन सुरुंग नाहीसा करीत नाही. तो एका जहाजाच्या मार्गातून सुरुंग बाजूला करतो. दिवसा, शांत समुद्रात, कापलेला सुरुंग दिसतो व त्यास बुडविता येते. रात्री किंवा खवळलेल्या समुद्रात तो दिसतच नाही. मग जे संकट एका जागी नांगरलेले होते ते मोकळे होऊन लाटांवर फिरू लागते, आणि मागून येणाऱ्या, पॅरावेन नसलेल्या जहाजास किंवा एखाद्या मासेमारी नौकेस त्याची गाठ पडू शकते.

आंतरराष्ट्रीय कायद्याने या गोष्टीचा विचार आधीच केला होता. १९०७ सालच्या हेगच्या आठव्या करारात असा नियम आहे की नांगरदोर तुटताच जे निरुपद्रवी होत नाहीत असे नांगरलेले सुरुंग पेरू नयेत. केवळ व्यापारी वाहतूक अडविण्याच्या एकमेव हेतूने शत्रूच्या किनाऱ्यापुढे सुरुंग पेरण्यासही त्या कराराने मनाई केली. यांपैकी ‘एकमेव’ हा शब्द इतका सोयीचा ठरला की त्या कलमाचा आधार जवळजवळ उरला नाही. पहिल्या नियमाचे पालन सुरुंगातील एका यांत्रिक कळीवर अवलंबून होते. ती कळ गंजली, चुकीची बसविली किंवा मुद्दाम बसविलीच नाही, तर कायदा कागदावर राहतो आणि सुरुंग पाण्यावर. ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. मार्च २०२२ मध्ये काळ्या समुद्रात दोर तुटलेले सुरुंग वाहत बॉस्पोरसच्या व रुमानियाच्या समुद्रात आले, आणि तुर्की व रुमानियन आरमारांना ते निकामी करावे लागले.

दोर नसलेला सुरुंग

पॅरावेनचे महत्त्व ओसरले ते त्याच्यातील एखाद्या दोषामुळे नव्हे. ज्या गृहीतावर तो उभा होता तेच बदलले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी जर्मनीने चुंबकीय सुरुंग वापरात आणले. हे समुद्रतळावरच पडून राहत. त्यांना नांगरदोर नव्हता आणि स्पर्शाचीही गरज नव्हती. पोलादी जहाज वरून गेले की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जो फरक पडतो त्याने आतील सूची हलून सुरुंग फुटे. २१ नोव्हेंबर १९३९ रोजी ‘बेलफास्ट’ ही क्रूझर स्कॉटलंडमधील फोर्थच्या खाडीत अशा सुरुंगाने जायबंदी झाली. त्यानंतर दोनच दिवसांनी, २३ नोव्हेंबर रोजी, टेम्सच्या मुखाजवळ शूबरीनेस येथे चिखलात विमानातून पडलेला एक सुरुंग जॉन ऊव्ह्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवावर उदार होऊन उलगडला, आणि त्याचे रहस्य कळले.

अशा सुरुंगापुढे तार आणि कर्तक यांना करण्यासारखे काही नव्हतेच, कारण कापावयास दोर नव्हता. आता लढाई यामिकीच्या क्षेत्रातून विद्युत्चुंबकीच्या क्षेत्रात गेली. चार्ल्स गुडीव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी जहाजाभोवती विद्युत्वाहक तारांची वेटोळी बसवून त्याचे चुंबकत्व झाकण्याची पद्धत विकसित केली, आणि तरंगत्या केबलमधून प्रवाहाचे झोत सोडून सुरुंग दूरवरच फोडण्यात येऊ लागले. पाठोपाठ जहाजाच्या आवाजाने फुटणारे सुरुंग आले. आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, जहाज वरून जाताना तळाशी पाण्याचा दाब जो किंचित कमी होतो त्याने फुटणारे सुरुंग आढळले. दाबावरील सुरुंगाविरुद्ध सर्वात व्यवहार्य उपाय म्हणजे जहाज अगदी सावकाश चालविणे. पॅरावेनला मात्र वेग हवा असतो. एका सुरुंगापासून वाचविणारी गोष्ट दुसऱ्या सुरुंगाच्या बाबतीत घातक ठरावी, इतके हे क्षेत्र गुंतागुंतीचे झाले.

तथापि नवे आले म्हणून जुने गेले असे सुरुंगांच्या बाबतीत घडत नाही. १४ एप्रिल १९८८ रोजी इराणच्या आखातात ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्‌स’ या अमेरिकन फ्रिगेटचा कणा ज्या सुरुंगाने मोडला तो एम-०८ जातीचा, नांगरलेला व स्पर्शाने फुटणारा होता. त्याची मूळ रशियन रचना १९०८ सालची. अत्याधुनिक जहाजाला ऐंशी वर्षांपूर्वीच्या रचनेने गाठले.

पॅरावेनचे तत्त्वही असेच टिकून आहे. १९१९ मध्ये ‘ओरोपेसा’ नावाच्या ट्रॉलरवर प्रयोग होऊन एकाच जहाजाने बाजूस तार पसरून सुरुंग काढण्याची पद्धत सिद्ध झाली व तीस त्या ट्रॉलरचे नाव मिळाले. तीत तार बाजूस नेणारी फळी म्हणजे पॅरावेनची सख्खी बहीणच. आज समुद्रतळाखालील तेलाच्या शोधासाठी भूकंपीय सर्वेक्षण करणारी जहाजे आपल्यामागे ध्वनिग्राहकांच्या किलोमीटर-किलोमीटर लांबीच्या अनेक केबल ओढतात. त्या एकमेकींत गुंतू नयेत, ठराविक अंतरावर समांतर राहाव्यात, म्हणून बाहेरच्या बाजूंस जी साधने लावतात त्यांनाही पॅरावेन हेच नाव आहे.

या सर्वांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. संरक्षणाचे प्रत्येक साधन हल्ल्याविषयीच्या एखाद्या गृहीतावर उभे असते, आणि ते गृहीत खरे असेपर्यंतच त्याची शक्ती टिकते. पॅरावेनचे गृहीत ‘सुरुंग बांधलेला आहे’ एवढेच होते. ते खरे होते तोवर एका पंखाने, एका झडपेने आणि एका दातेरी जबड्याने मोठमोठी जहाजे सुरक्षित नेली. ते खोटे ठरताच त्याच्या अचूक भूमितीचा उपयोग उरला नाही. शिवाय हे साधन ज्याच्यापाशी आहे त्याचेच रक्षण करते. समुद्र सुरक्षित करणे हे निराळे, अधिक संथ आणि अधिक खर्चाचे काम आहे, आणि ते सुरुंग पेरणाऱ्याच्या कामापेक्षा नेहमीच अवघड राहिले आहे. उत्तर समुद्रातील मोठ्या अडथळ्यासाठी १९१८ मध्ये सुमारे ७०,००० सुरुंग काही महिन्यांत पेरले गेले. पण त्यांची साफसफाई करताना, युद्ध संपल्यानंतरही, १९१९ मध्ये माणसे प्राणास मुकली.

मुंबईतील मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होम या इमारतीत पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या, समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. ते सर्वच सुरुंगांचे बळी नव्हेत. पाणतीरांनी व इतर कारणांनीही अनेक जण गेले. त्या काळातील ब्रिटिश व्यापारी जहाजांवर कोकणातील व गोव्यातील माणसे मोठ्या संख्येने भट्टीघरात, डेकवर व प्रवाशांच्या सेवेत काम करीत असत. जहाज एखाद्या युक्तीने वाचले किंवा वाचले नाही, याचा अर्थ अखेर अशा माणसांच्या हिशेबात मोजला जातो. पॅरावेनच्या तारेच्या कोनाचे आणि पंखाच्या क्षेत्रफळाचे गणित मांडताना, सुरुंग आणि जहाजाची बाजू यांमधील ते तीसएक मीटर अंतर कोणासाठी राखले जात होते, हे विसरता येत नाही.